मुक्या सोबत्यांची आरोग्य तपासणी: का, केव्हा आणि कशी?

पाळीव प्राण्याला आपले दुखणे सांगता येत नाही, हे सर्वांनाच ठाऊक असते. तो आपले दुखणे शक्य तितका काळ लपवतो, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. रानात दुबळा प्राणी प्रथम शिकार होतो. त्यामुळे अशक्तपणा दिसू न देण्याची वृत्ती कुत्र्या-मांजरांमध्ये माणसाच्या सहवासात हजारो वर्षे काढूनही टिकून आहे. कुत्रा खाणे सोडून कोपऱ्यात पडून राहतो किंवा मांजर दोन दिवस माळ्यावरून खाली उतरत नाही, तेव्हा घरच्यांना आजाराची शंका येते. प्रत्यक्षात तो आजार अनेकदा कित्येक आठवड्यांचा, क्वचित कित्येक महिन्यांचा असतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे मांजराचे मूत्रपिंड. उतारवयातील मांजरांमध्ये मूत्रपिंडाचा जुनाट विकार सर्रास आढळतो. रक्तातील क्रिएटिनिन या घटकावरून तो ओळखण्याची पद्धत आहे. परंतु मूत्रपिंडाची सुमारे तीन चतुर्थांश कार्यशक्ती संपेपर्यंत हे प्रमाण ठळकपणे वाढत नाही. मांजर जास्त पाणी पिऊ लागले, वजन हळूहळू घटू लागले, ही त्याआधीची सूचना असते. घरात रोज पाहणाऱ्याला वजनातील ही घट जाणवत नाही. तराजूला मात्र ती लगेच कळते. नियमित तपासणीचे सारे महत्त्व या एका गोष्टीत सामावलेले आहे. आजारी प्राण्यावर उपचार करणे वेगळे आणि धडधाकट दिसणाऱ्या प्राण्याची तपासणी करणे वेगळे. दुसरे काम वेळेवर झाले, तर पहिल्याची वेळ पुष्कळदा टळते.

गोठा आणि उंबरठा

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे साखर कारखानदारीमुळे नावारूपाला आलेले गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथेच उभा राहिला. श्री पांडुरंग सहकारी साखर कारखानाही श्रीपूरचाच. नीरा उजव्या कालव्याचे पाणी, चहूकडे ऊस आणि उसाबरोबर वाढलेले पशुधन, असे या टापूचे चित्र आहे. खिलार बैल, पंढरपुरी म्हैस, संकरित गाय आणि शेळ्या यांच्या आजारपणाकडे येथील शेतकरी सहसा दुर्लक्ष करत नाही. गाय माजावर आली की कृत्रिम रेतनासाठी डॉक्टरांना बोलावणे जाते. लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाच्या लसी टोचून घेतल्या जातात. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ पसरली, तेव्हा राज्यभर गोवंशाचे लसीकरण मोठ्या प्रमाणावर करण्यात आले.

त्याच गोठ्याच्या दाराशी वस्तीची राखण करणारा कुत्रा बसलेला असतो. धान्याच्या कणगीभोवती उंदरांवर नजर ठेवणारे मांजर असते. डॉक्टर गाईसाठी घरी येतात, पण कुत्रा त्यांना दाखवला जात नाही. यामागचा हिशेब साधा आहे. गाय दूध देते, बैल औत ओढतो. कुत्र्याचे आणि मांजराचे उत्पन्न कोणत्याही वहीत मांडलेले नसते. मात्र हा हिशेब अपुरा आहे. गाय गोठ्यात बांधलेली असते, तर कुत्रा आणि मांजर घरात वावरतात, मुलांच्या अंगाखांद्यावर खेळतात, अंथरुणापर्यंत येतात. त्यांच्या अंगावरचा आणि पोटातला आजार थेट उंबरठा ओलांडून घरात येतो. म्हणूनच त्यांची तपासणी ही कुटुंबाच्या आरोग्याची बाब ठरते.

पिसाळण्याचा रोग: लस स्वस्त, जीव अमोल

या आजारांमध्ये सर्वांत भयंकर म्हणजे रेबीज. लक्षणे दिसू लागल्यानंतर हा रोग प्राण्यांत आणि माणसांत जवळपास हमखास जीव घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने मरण पावतात आणि त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू भारतात होतात. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्के घटनांत संसर्ग कुत्र्याकडून येतो. बळी पडणाऱ्यांत सुमारे ४० टक्के मुले पंधरा वर्षांखालील असतात, कारण मुले कुत्र्याशी खेळतात आणि ओरखडा उठला तरी मार बसेल या भीतीने घरी सांगत नाहीत.

लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस प्रथम टोचली. त्याला आता १४० वर्षे उलटली. लस उपलब्ध आहे, ती परिणामकारक आहे, तरीही माणसे मरतात, ही खेदाची गोष्ट आहे. पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. कुत्र्यांपासून माणसाला होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने २०२१ मध्ये याच दिवशी जाहीर केला. त्या आराखड्याचा कणा म्हणजे कुत्र्यांचे लसीकरण होय.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली लस द्यावी, डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक मात्रा द्यावी आणि पुढे दरवर्षी लसीकरण करावे, असा आपल्याकडील सर्वसाधारण प्रघात आहे. मांजरालाही ही लस आवश्यक असते, याचा अनेकांना विसर पडतो. गोठ्याच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. पिसाळलेले कुत्रे गाई-म्हशींनाही चावते. बाधित म्हैस दगावली की तिचे दूध घेणाऱ्या घरांमध्ये घबराट पसरते. दूध उकळल्यावर रेबीजचा विषाणू नष्ट होतो. तरीही असे जनावर हाताळणाऱ्याचा, त्याच्या तोंडात हात घालणाऱ्याचा धोका खरा असतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पिसाळलेला प्राणी नेहमीच अंगावर धावून येतो असे नाही. रोगाच्या मूक प्रकारात तो सुस्त पडतो, त्याचा जबडा लुळा पडतो, तोंडातून लाळ गळते आणि त्याला गिळता येत नाही. घशात हाड किंवा काटा अडकला असावा असे समजून घरातील माणूस त्याच्या तोंडात हात घालतो आणि स्वतःवर संकट ओढवून घेतो. अशा वेळी तोंडाला हात न लावता प्राण्याला वेगळे ठेवून पशुवैद्यकाला बोलवावे. कुत्रे किंवा मांजर चावल्यास अथवा ओरबाडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून किमान १५ मिनिटे धुवावी आणि त्वरित दवाखाना गाठावा. जखमेवर तिखट, चुना किंवा हळद भरण्याची रीत घातक आहे. चावलेल्या कुत्र्याला लस दिलेली होती, एवढ्या माहितीवर विसंबून स्वतःचे उपचार टाळू नयेत.

उसाचे फड, उंदीर आणि लेप्टो

ऊसपट्ट्यात लक्ष द्यावे असा दुसरा रोग म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. हा जिवाणू उंदीर-घुशींच्या लघवीतून बाहेर पडतो आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात टिकून राहतो. दाट उसात उंदरांना आसरा आणि अन्न दोन्ही मिळते. सरीत पाणी असते आणि कुत्रा त्याच पाण्यातून फिरतो, तेच पाणी पितो. या रोगाचे आणि उसाचे नाते जगाच्या दुसऱ्या टोकालाही दिसून आले आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात १९३४ च्या सुमारास ऊसतोड कामगारांमध्ये या रोगाचा प्रादुर्भाव झाला. तोडणीपूर्वी फड पेटवून उंदीर हटवावेत, या मागणीसाठी १९३५ मध्ये तेथील कामगारांनी संप केला होता.

कुत्र्यामध्ये या रोगाची सुरुवात ताप, उलट्या, स्नायू दुखणे आणि खाणे सोडणे अशी होते. पुढे कावीळ होते, मूत्रपिंड निकामी होऊ लागते. बरा झालेला कुत्राही काही काळ लघवीतून जिवाणू सोडत राहू शकतो. अंगणात त्याच्या लघवीवर पाय पडला आणि पायाला भेग किंवा जखम असली, तर माणसालाही लागण होते. कुत्र्यांच्या संयुक्त लसीमध्ये लेप्टोचा अंतर्भाव असतो, परंतु सर्वच लसींत तो नसतो. म्हणून लस देताना ‘यात लेप्टो आहे का,’ असे पशुवैद्यकांना आवर्जून विचारावे. या भागाचे संरक्षण साधारण वर्षभरच टिकते. तसेच लस जिवाणूच्या ठरावीक प्रकारांपासूनच संरक्षण देते. त्यामुळे उंदरांचा बंदोबस्त आणि साचलेल्या पाण्याचा निचरा याला पर्याय नाही.

गोचीड आणि जंत: न दिसणारे शत्रू

गोचीड ताप हा शब्द पशुपालकांना गाई-बैलांच्या संदर्भात परिचित आहे. कुत्र्यांनाही गोचिडांमुळे असेच ताप येतात. त्यांतील एर्लिकियोसिस हा विकार नियमित तपासणीचे महत्त्व पटवून देणारा आहे. गोचीड चावल्यानंतर काही आठवड्यांत ताप येतो, कुत्रा मलूल होतो, कधी आपोआप सावरतोही. घरच्यांना तो बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात रोग शरीरात दडून बसतो आणि ही अवस्था कित्येक महिने, कधी वर्षेही चालते. अखेरीस रक्तातील बिंबाणू घटतात, नाकातून रक्त येते, हिरड्या पांढऱ्या पडतात. त्या टप्प्यावर उपचार अवघड होतात. दडलेल्या अवस्थेत मात्र साध्या रक्ततपासणीतून बिंबाणूंची घट लक्षात येते आणि औषधांनी रोग आटोक्यात आणता येतो.

कुत्र्यावरील तपकिरी गोचीड भिंतींच्या फटीत, गोठ्याच्या दगडांत अंडी घालते. त्यामुळे केवळ कुत्र्याच्या अंगावरील गोचिडी वेचून भागत नाही; त्याची बसण्याची जागाही स्वच्छ करावी लागते. पिकावर फवारायचे कीटकनाशक पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालणे मात्र कटाक्षाने टाळावे. कुत्रा अंग चाटतो, औषध पोटात जाते आणि झटके येऊन तो दगावू शकतो. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावणेही तितकेच धोक्याचे आहे. मांजराचे शरीर ते पचवू शकत नाही.

जंतांचेही तसेच आहे. पिल्लांना आईच्या पोटात असतानाच किंवा दुधातून जंतांची लागण होते. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी जंतनाशक देण्याची पद्धत आहे. मात्रा वजनावर ठरत असल्याने अंदाजाने गोळी देऊ नये. गोल जंतांची अंडी मातीत दीर्घकाळ टिकतात. मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात ती गेली, तर त्यांतून बाहेर पडणाऱ्या अळ्या यकृतात आणि क्वचित डोळ्यात शिरून दृष्टीला इजा करतात. अंकुशकृमी पिल्लांचे रक्त शोषतात. एकाच वेतातील पिल्ले एकामागून एक मरू लागली की नजर लागली असे म्हटले जाते. अशा वेळी अनेकदा पोटातील कृमी किंवा पार्वो हा विषाणूजन्य रोग कारणीभूत असतो. १९७८ मध्ये जगभर पसरलेल्या पार्वोने आजही लस न दिलेल्या पिल्लांचे मोठ्या प्रमाणावर बळी जातात. रक्ती हगवण आणि सततच्या उलट्या ही त्याची खूण होय.

तपासणीत नेमके काय होते?

तपासणी म्हणजे केवळ इंजेक्शन, असा समज रूढ आहे. पूर्ण तपासणीत पशुवैद्यक प्रथम प्राण्याचे वजन करून आधीच्या नोंदीशी ताडून पाहतात. नंतर तापमान घेतले जाते. कुत्र्या-मांजरांचे शरीर माणसापेक्षा उष्ण असते. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्यामुळे हाताला गरम लागले म्हणून ताप आहे, असे ठरवता येत नाही. हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर तिचा गुलाबी रंग दोन सेकंदांच्या आत परत येतो की नाही, यावरून रक्ताभिसरणाचा अंदाज घेतला जातो. डोळे, कान, लसिकाग्रंथी आणि त्वचा पाहिली जाते. हृदय व फुफ्फुसांचा आवाज ऐकला जातो. पोट हाताने चाचपून यकृत, प्लीहा, मूत्राशय यांचा आकार तपासला जातो. चाल पाहून सांध्यांची स्थिती कळते.

दातांची तपासणी ही सर्वाधिक दुर्लक्षित बाब आहे. वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक कुत्र्यांत हिरड्यांच्या विकाराची सुरुवात झालेली असते. तोंडाला येणारी दुर्गंधी ही त्याची सूचना असून ती स्वाभाविक समजून सोडून देऊ नये. शौचाच्या तपासणीतून जंतांचा प्रकार कळतो. वयानुसार रक्त व लघवीच्या चाचण्या सुचवल्या जातात.

सोलापूर, सांगली, लातूर या भागांत कारवानी आणि पश्मी जातींचे शिकारी कुत्रे हौसेने पाळले जातात. त्यांची बांधणी मुळातच सडपातळ असते. बरगड्या दिसतात म्हणून त्यांना खाऊ घालून जाड करणे चुकीचे. आणि उलट जंतांमुळे खंगलेल्या कुत्र्याला ‘याची जातच अशी’ म्हणून सोडून देणेही चुकीचे. जातीचा सडपातळपणा आणि आजाराचा रोडपणा यांतील फरक तज्ज्ञाच्या नजरेलाच कळतो. ग्रेहाऊंडसारख्या सडपातळ कुत्र्यांवर काही भुलीच्या औषधांचा परिणाम अधिक काळ टिकतो. म्हणून शस्त्रक्रियेची वेळ येण्यापूर्वीच पशुवैद्यकाला त्या प्राण्याची प्रकृती माहीत असणे हिताचे ठरते.

वयानुसार वेळापत्रक

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली तपासणी व पहिली संयुक्त लस द्यावी. त्यानंतर साधारण १६ आठवड्यांचे होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी पुढील मात्रा असतात. एकच लस देऊन थांबल्यास पुरेसे संरक्षण मिळत नाही, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीचा परिणाम रोखते. ती केव्हा ओसरते हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे असल्याने मात्रा पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात.

एक ते सात वर्षे वयाच्या निरोगी प्राण्याला वर्षातून किमान एकदा तपासावे. त्यानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी आवश्यक ठरते. कुत्र्याचे आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षांचे असते. त्याचे एक वर्ष म्हणजे माणसाच्या आयुष्यातील कित्येक वर्षे होत. उतारवयात दोन वर्षे तपासणी न करणे म्हणजे साठी उलटलेल्या माणसाने दहा वर्षे डॉक्टरकडे न जाण्यासारखे आहे.

मादी कुत्र्यांबाबत विशेष दक्षता हवी. नसबंदी न केलेल्या मादीला माज संपल्यानंतर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू होण्याचा विकार जडू शकतो. तहान वाढणे, पोट फुगणे, योनिमार्गातून स्राव येणे अशी लक्षणे दिसताच त्वरित उपचार न झाल्यास प्राण जाऊ शकतात. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांमध्ये जननेंद्रियावर होणारी संसर्गजन्य गाठ आपल्याकडे सर्रास आढळते. ती वेळेवर ओळखल्यास इंजेक्शनांच्या उपचाराने बरी होते. नसबंदीमुळे हे दोन्ही धोके मोठ्या प्रमाणात टळतात आणि नको असलेली पिल्ले रस्त्यावर सोडून देण्याची वेळही येत नाही. बोक्यांच्या बाबतीत लघवी तुंबणे हा तातडीचा विकार होय. बोका वारंवार बसतो आणि थेंबही पडत नाही, असे दिसल्यास एक दिवसही थांबू नये.

बेंदूर आणि वसुबारस: आठवणीचे दोन दिवस

तपासणीची तारीख लक्षात राहत नाही, ही सर्वसाधारण अडचण आहे. श्रीपूर परिसरातील कृषिजीवनाला स्वतःचे कॅलेंडर आहे. त्याचाच आधार घेता येईल. आषाढाच्या सुमारास येणाऱ्या बेंदराला बैलांची खांदेमळणी होते, त्यांना धुऊन सजवले जाते. हा पावसाळ्याचा आरंभकाळ असतो. लेप्टोची लस, जंतनाशक आणि गोचिडांचा बंदोबस्त यासाठी हीच वेळ योग्य आहे. याच काळात आषाढी वारीच्या पालख्या माळशिरस तालुक्यातून जातात. गर्दी, वाद्यांचा आवाज आणि अनोळखी माणसे यांमुळे बिथरलेले कुत्रे चावण्याचा संभव असतो. त्यापूर्वीच रेबीजची लस झालेली असावी.

दुसरा दिवस वसुबारसेचा. गाय-वासराच्या पूजेने दिवाळी सुरू होते आणि त्याच सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगामही जवळ आलेला असतो. ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर बैल, शेळ्या आणि कुत्रीही येतात. नव्या प्राण्यांच्या आगमनाबरोबर रोगांची देवाणघेवाण होते. फड तुटू लागले की उंदीर वस्तीकडे सरकतात. अशा वेळी घरच्या प्राण्यांच्या लसी पूर्ण असल्या पाहिजेत. टोळ्यांबरोबर आलेल्या कुत्र्यांचेही लसीकरण झाले, तर त्याचा लाभ गावाला आणि कोपीत राहणाऱ्या तोडणी कामगारांच्या मुलांना सारखाच होईल. हंगामाच्या आरंभी लसीकरण शिबिर घेण्यासाठी कारखाने, नगरपंचायत आणि पशुसंवर्धन विभाग यांनी एकत्र येणे त्यामुळेच उपयुक्त ठरेल.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. कुत्र्याला घाम फारसा येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. दुपारी पत्र्याखाली साखळीने बांधलेला कुत्रा उष्माघाताने काही तासांत दगावू शकतो. सावली, पाण्याचे भांडे आणि मोकळी हवा ही उन्हाळ्यातील प्राथमिक गरज आहे.

कोणाकडे जावे, काय न्यावे?

आजच्या पशुवैद्यकाच्या मागे मोठी परंपरा उभी आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखात माणसांबरोबर पशूंच्या चिकित्सेचीही व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. आधुनिक पशुवैद्यक शिक्षणाचा पाया १७६१ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे घातला गेला. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. सोलापूरकरांना तुलनेने जवळचे असे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे १९८८ पासून कार्यरत आहे. राज्यातील पशुवैद्यकीय शिक्षणासाठी २००० मध्ये नागपूर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्यासाठी नोंदणी आवश्यक आहे. म्हणून उपचार करणारी व्यक्ती नोंदणीकृत पशुवैद्यक आहे ना, याची खात्री करून घ्यावी. गावपातळीवर शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात प्राथमिक तपासणी होते. क्ष-किरण किंवा शस्त्रक्रियेची गरज भासल्यास सोलापूर येथील जिल्हा पशु सर्वचिकित्सालय किंवा सुसज्ज खासगी रुग्णालय गाठावे लागते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. मात्र कुत्र्याची तपासणी करून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग घरातच उपलब्ध असतो. डॉक्टर गाई-म्हशींसाठी वस्तीवर येणार असतील, तेव्हा कुत्र्या-मांजरांनाही पाहावे, असे फोनवरच सांगून ठेवावे. त्यानुसार ते लस शीतपेटीतून सोबत आणू शकतात.

दवाखान्यात नेताना कुत्र्याला साखळी आणि आवश्यक तर मुसके घालावे. मांजर जाळीच्या पेटीत किंवा झाकणाच्या टोपलीत न्यावे. सकाळची ताजी शौच स्वच्छ डबीत घालून न्यावी. प्राणी काय खातो, पाणी किती पितो, लघवी-शौच कशी होते, याची माहिती रोज त्याला खाऊ घालणाऱ्या व्यक्तीनेच द्यावी. बहुतेक घरांत ती गृहिणी असते आणि दवाखान्यात भलतेच कोणी जाते. त्यामुळे निदानाला आवश्यक असा तपशील घरीच राहतो.

माणसाची औषधे प्राण्याला देण्याचा मोह टाळावा. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांमुळे कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंड निकामी होते. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हेही कुत्र्याला वर्ज्य आहेत.

जबाबदारी मालकाचीच

केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्यांचे लसीकरण, जंतनिर्मूलन आणि नसबंदी यांची जबाबदारी मालकावर टाकली आहे. भटक्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थांची असली, तरी आजच्या भटक्या कुत्र्यांत काल कोणीतरी सोडून दिलेली पिल्लेही असतात, हे विसरून चालणार नाही.

प्रत्येक प्राण्यासाठी एक लहान वही किंवा लसीकरण पत्रिका ठेवावी. तिच्यात जन्माचा अंदाज, वजन, लसीचे नाव, दिनांक आणि पुढील मात्रेची तारीख नोंदवावी. लसीच्या बाटलीवरील चिकटपट्टी तेथेच लावावी. कुत्रा कोणाला चावल्यास हीच नोंद डॉक्टरांच्या उपयोगी पडते. गाईच्या दुधाचा हिशेब रोजच्या रोज लिहिणाऱ्या घराला वर्षातून दोन ओळींची ही नोंद जड नाही. राखणीचा मोबदला म्हणून भाकरी आणि उरलेले दूध एवढ्यावर समाधानी राहणाऱ्या या सोबत्याला बेंदराला आणि वसुबारसेला डॉक्टरांसमोर उभे करणे, एवढे तरी प्रत्येक घराने करावे. त्यात त्याचे आयुष्य वाढते आणि घरातील मुलेही सुरक्षित राहतात.